माझोव्हिया खालसा कसा झाला: प्यास्त घराण्याच्या वॉर्सा शाखेचं प्रकरण

९ आणि १० मार्च १५२६ च्या मधल्या रात्री माझोव्हिया या वॉर्साभोवतीच्या संस्थानाचा ड्यूक यानुश तिसरा वॉर्सात वारला. वय तेवीस, लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. थोरला भाऊ स्तानिस्वाफ ८ ऑगस्ट १५२४ ला तसाच अविवाहित गेला होता, आणि आई आन्ना राजिविल त्याआधी मार्च १५२२ मध्ये. चार वर्षांत एका घरातून तीन माणसं गेली आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत त्यांचं संस्थान पोलंडच्या राजाच्या पदरात पडलं. विषप्रयोगाची चर्चा लगेच सुरू झाली. ती आजही संपलेली नाही, कारण संशयितांत एक इटालियन राणी आहे आणि इटालियन राणी म्हटली की लोकांना विष आठवतंच.

या प्रकरणात विष हा भाग सर्वांत गाजलेला, पण सर्वांत कमी कामाचा आहे. भाऊ कशाने मेले हे बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतो: दोन तरुण मेले म्हणून आख्खं संस्थान का गेलं? चुलत घरं कुठे होती? बहिणी होत्या, त्यांचं काय? याची उत्तरं १३५१ पासूनच्या करारांत आणि वाटण्यांत सापडतात. मृत्यूने फक्त शेवटची अट पूर्ण केली.

मांडलिकीचा पहिला कागद

पोलंडच्या राजघराण्याचं नाव प्यास्त. ११३८ मध्ये वाकड्या तोंडाचा बोलेस्वाफ तिसरा वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे मुलखाची मुलांत वाटणी झाली. तिथून पुढे जवळजवळ दोन शतकं पोलंड म्हणजे एकमेकांशी भांडणाऱ्या चुलत्यापुतण्यांचा गोतावळा. माझोव्हियाची शाखा बोलेस्वाफचा नातू कोनराद पहिला याची. प्रुशियन टोळ्यांना आवर घालण्यासाठी ट्यूटॉनिक सरदारांना (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला) व्हिस्तुलाकाठी बोलावणारा हाच. त्याच्या एका मुलाच्या वंशात पुढे व्वादिस्वाफ वोकिएतेक आणि काझिमिएश थोर हे राजे झाले, दुसऱ्याच्या वंशात माझोव्हियाचे ड्यूक. म्हणजे राजा आणि माझोव्हियाचे ड्यूक हे एकाच झाडाच्या दोन फांद्या होत. पण राजांनी राज्य एकत्र केलं आणि माझोव्हियाने वाटण्या चालू ठेवल्या. बोलेस्वाफ दुसरा १३१३ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मुलखाचे तीन मुलांत तीन भाग होते. त्यातल्या प्वोत्स्कच्या व्हात्सवाफने १३२९ मध्ये बोहेमियाच्या राजाची मांडलिकी पत्करली. हे लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल: त्या काळी माझोव्हियाच्या ड्यूकला अधिपती निवडायला वाव होता.

१३५१ मध्ये व्हात्सवाफचा मुलगा बोलेस्वाफ तिसरा निपुत्रिक वारला आणि प्वोत्स्क काझिमिएश थोराने घेतलं. त्याच्या उरलेल्या दोन चुलत भावांनी, शेमोवित तिसरा आणि काझिमिएश पहिला यांनी, राजापुढे गुडघे टेकून मांडलिकीची शपथ घेतली. करारात दोघांच्या फायद्याचं एक कलम होतं: राजा मुलाविना वारला तर शपथ संपली आणि प्वोत्स्क परत. १३५५ मध्ये वॉर्साचा काझिमिएश वारला, त्याचा भाग शेमोवितला मिळाला, मात्र पुन्हा शपथ घेऊनच. १३७० मध्ये राजा काझिमिएश खरोखरच मुलाविना गेला, कलम लागू झालं, आणि शेमोवित तिसऱ्याच्या हाती जवळजवळ सगळा माझोव्हिया एकसंध आला.

या शाखेच्या इतिहासात कागद त्यांच्या बाजूने बोलला असा हा बहुधा सर्वांत मोठा प्रसंग. पण कोणी मेलं की मुलूख आपोआप भावाकडे जात नाही, मधे राजाची संमती लागते, हा पायंडाही याच वीस वर्षांत पडला. पुढच्या दीडशे वर्षांत राजांनी तोच ताणला.

१३८१ ची वाटणी आणि तिची किंमत

शेमोवित तिसरा १३८१ मध्ये वारला. दोन मुलांनी मुलूख वाटून घेतला. थोरला यानुश पहिला वॉर्सा-चेर्स्कचा, धाकटा शेमोवित चौथा प्वोत्स्क-रावाचा. दोघंही कर्तबगार. यानुशने राजधानी चेर्स्कहून वॉर्साला हलवली. शेमोवितने तर १३८० च्या दशकात पोलंडच्या गादीवरच डोळा ठेवला होता. ती मिळाली नाही, पण नव्या राजाची, यागिएवोची, बहीण अलेक्झांड्रा त्याला पत्नी म्हणून मिळाली आणि आंदण म्हणून पूर्वेकडचा बेव्झ.

दोन्ही घरांनी राजाशी वेगवेगळी शपथ घेतली, वेगवेगळे करार केले. संसार चालवायला ते सोयीचं होतं. पण प्रत्येक भाग हा स्वतंत्र सरंजाम आहे, त्या त्या घराचा वंश संपला की तो मोकळा होतो, असं राजाच्या वकिलाला म्हणता यावं याची सोय त्यातच झाली. भाऊबंदकीत माणूस आपला हिस्सा वेगळा करून घेतो तेव्हा भावाच्या हिश्श्यावरचा हक्कही थोडा सोडतो. हे त्यांना नंतर, आणि महागात, कळलं.

परीक्षा १४६२ मध्ये झाली. प्वोत्स्क घराचे शेवटचे दोन ड्यूक, शेमोवित सहावा आणि व्वादिस्वाफ दुसरा, अजून मिसरूड फुटायच्या वयाचे होते. पहिला नववर्षाच्या सुमाराला गेला, दुसरा फेब्रुवारीच्या शेवटी. दोन महिन्यांत दोन भाऊ. तेव्हाही विषाची कुजबुज झाली होती. गादीवर काझिमिएश चौथा यागिएवोन्चिक होता. तो काही परका नव्हता, मेलेल्या मुलांची आजी अलेक्झांड्रा ही त्याची सख्खी आत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं: सरळ वंश संपला, सरंजाम मुकुटाकडे, म्हणजे पोलंडच्या राज्याकडे, परत. वॉर्सा घराचे चार भाऊ, त्यांत वडील कोनराद तिसरा, यांचं म्हणणंही तितकंच सरळ: आम्ही त्याच खापरपणजोबांचे वंशज, जवळचे पुरुष दायाद आम्हीच.

निकाल कायद्यापेक्षा परिस्थितीने लावला. राजा ट्यूटॉनिक सरदारांशी तेरा वर्षांच्या युद्धात (१४५४ ते १४६६) गुंतलेला होता आणि माझोव्हियाला पुरतं दुखावणं त्याला परवडत नव्हतं. त्याने रावा, गोस्तिनिन आणि बेव्झ घेतलं. खुद्द प्वोत्स्क वॉर्सा घराकडे गेलं. सोखाचेव्हची जमीन विधवा डचेसच्या निर्वाहाखाली अडकलेली होती. ती १४७६ मध्ये मुकुटाकडे आली. पंधराव्या शतकातल्या पोलंडमध्ये विधवेचा निर्वाह हा खालसा होण्याआड येणारा भक्कम अडसर होता. तिच्या हयातीत राजालाही ती जमीन सहजी घेता येत नसे. पण अडसर तो तेवढाच. तिच्यानंतर पुढचा वारस उभा नसेल तर नुसती चौदा-पंधरा वर्षांची मुदत मिळते.

कोनराद तिसरा: मालकीवरून हयातीपुरत्या कब्जावर

१४६२ चा धडा वॉर्सा घराने घेतला नाही. १४७० च्या दशकात चार भावांनी पुन्हा वाटण्या केल्या. एक भाऊ बिशप झाला आणि १४८० मध्ये वारला. बोलेस्वाफ पाचवा १४८८ मध्ये गेला. त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांनी वाटून घेतला, तेव्हा फारशी खळखळ झाली नाही. फेब्रुवारी १४९५ मध्ये यानुश दुसरा वारला, त्यालाही मूल नव्हतं. या वेळी मात्र राजा यान ओल्ब्राख्त थांबला नाही. त्याने प्वोत्स्क ताब्यात घेतलं आणि कोनरादच्या निषेधाला भीक घातली नाही.

१४९६ च्या तडजोडीत कोनरादने प्वोत्स्कवर पाणी सोडलं. बाकीचा मुलूख त्याच्याकडे राहिला, पण कसा? त्याच्या हयातीपुरता. आमच्या मते या प्रकरणातली निर्णायक तारीख हीच आहे, १५२६ नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या वंशपरंपरेने चालत आलेला मुलूख एका सहीने एका माणसाच्या आयुष्याइतका आखूड झाला. कोनराद तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला होता, पुढच्या पिढीचा पत्ता नव्हता, आणि अशा माणसाकडून राजाने हवं ते लिहून घेतलं. कोनरादने नंतर लिथुआनियातल्या राजिविल घराण्यातली आन्ना केली आणि उतारवयात त्याला चार मुलं झाली: दोन मुली, मग १५०१ च्या सुमारास स्तानिस्वाफ आणि १५०२ मध्ये यानुश.

ऑक्टोबर १५०३ मध्ये कोनराद वारला तेव्हा कागद विधवेच्या विरोधात होता. धाकटा मुलगा जेमतेम वर्षाचा. तरीही मार्च १५०४ मध्ये राजा आलेक्सांदरने मुलांचा वारसा मान्य करणारी सनद दिली. आलेक्सांदर हा लिथुआनियाचाही महाड्यूक, आणि राजिविल हे तिथलं वजनदार घराणं. माझोव्हियाचे सरदारही विधवेच्या पाठीशी होते. आन्नाने हे काम ज्या चिकाटीने तडीस नेलं त्याला तोड नाही. पण सनदेचा आवाका कोनरादच्या सरळ पुरुष वंशापुरता होता. दुसरी शाखा नाही, मुली नाहीत, दत्तकाचा तर प्रश्नच नव्हता. १५०४ नंतर संपूर्ण माझोव्हिया दोन तान्ह्या मुलांच्या आयुष्यावर टांगलेला होता.

दोन भाऊ, एक संस्थान

आन्ना कारभार पाहत राहिली, मुलं सज्ञान झाली तरी. १५१८ मध्ये सरदारांनी तिच्याविरुद्ध उठाव केला, राजा झिग्मुंत पहिला मध्ये पडला, मुलांच्या नावाने अधिकार जाहीर झाले. प्रत्यक्षात दोऱ्या मरेपर्यंत आईच्याच हातात राहिल्या.

भावांनी एक गोष्ट मात्र वेगळी केली: वाटणी केली नाही. मुलूख सामाईक, शपथ सामाईक, दस्तऐवजांवर दोघांचं नाव. याचा परिणाम १५२४ मध्ये लख्ख दिसतो. १४९५ शी तुलना करून पाहावी. तेव्हाही भावांपैकी एक निपुत्रिक मेला होता, पण हिस्से वेगळे होते म्हणून राजाला बोट ठेवायला जागा मिळाली आणि प्वोत्स्क गेलं. स्तानिस्वाफ मेला तेव्हा त्याचा असा वेगळा हिस्साच नव्हता. यानुश पूर्वीपासून सगळ्याचा धनी होता आणि राहिला. एक गावही गेलं नाही. हीच रीत १३८१ मध्ये पाळली असती तर १४६२ चा दावा राजाला इतका सोपा गेला नसता, असं म्हणायला जागा आहे.

सामाईक मालकीने वेळ मिळते, वंश मिळत नाही. दोघांपैकी एकाचंही लग्न झालं नाही. समकालीन लेखक दारू आणि बायकांच्या नादाबद्दल लिहितात. ते थोडं चवीने लिहिलेलं वाटतं, पण इतक्या जणांनी लिहिलं आहे की निव्वळ निंदा म्हणून सोडूनही देता येत नाही. कारण काहीही असो, सनदेत सरळ पुरुष वंश लिहिलेला असताना विशी उलटलेल्या दोन्ही वारसांना बायको नसणं ही या घराची सर्वांत धोक्याची बाजू होती. यानुश एकटा उरला त्या एकोणीस महिन्यांतही ती बदलली नाही.

दुसरा अधिपती शोधण्याची वाटही बंद झाली होती. १३२९ मध्ये व्हात्सवाफ बोहेमियाकडे जाऊ शकला. १५२६ मध्ये कुठे जाणार? उत्तरेची ट्यूटॉनिक सत्ता एप्रिल १५२५ मध्येच मोडली होती. तिचा प्रमुख आल्ब्रेख्त क्राकोवच्या चौकात झिग्मुंतपुढे गुडघे टेकून पोलंडचा मांडलिक ड्यूक झाला होता. पूर्वेला लिथुआनिया, तिथला महाड्यूकही झिग्मुंतच. माझोव्हिया चारी बाजूंनी एकाच माणसाने वेढलेला होता.

मार्च ते सप्टेंबर १५२६

यानुश मेल्यावर माझोव्हियाच्या सरदारांनी लगेच हात टेकले नाहीत. त्यांच्या सभेत आणि शिष्टमंडळांत एक मागणी पुन्हा पुन्हा येते: कोनरादची अविवाहित मुलगी आन्ना हिला डचेस मानावं, तिच्या लग्नातून पुढचा ड्यूक येईल. ते नसेल तर निदान संस्थान वेगळं ठेवावं आणि स्वतंत्र ड्यूक द्यावा. झिग्मुंतची इटालियन राणी बोना स्फोर्झा हिला स्वतःच्या मुलासाठी, झिग्मुंत आउगुस्तसाठी, माझोव्हिया खासगी वंशपरंपरागत जहागीर म्हणून हवा होता. पोलंडच्या सरदारांना ते मुळीच मान्य नव्हतं. राजघराण्याच्या हाती पोलंडच्या सरदारसभेच्या नियंत्रणाबाहेरचा मुलूख गेला तर राजा डोईजड होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राजा स्वतः ऑगस्टमध्ये वॉर्साला आला. त्याच दिवसांत, २९ ऑगस्टला, तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत त्याचा पुतण्या लुई हंगेरी आणि बोहेमियाच्या दोन्ही मुकुटांसकट गारद झाला. यागिएवो घराण्याचं दक्षिणेतलं राज्य एका दुपारी गेलं आणि उत्तरेत एक संस्थान हाती येत होतं. अशा वेळी झिग्मुंत माझोव्हियात ढिलाई दाखवील ही आशा फोल होती. सप्टेंबरमध्ये सरदारांनी शपथ घेतली. बदल्यात राजाने त्यांचे जुने कायदे आणि रीतीरिवाज कायम ठेवण्याचं वचन दिलं.

विरोध इतक्या लवकर का मावळला? माझोव्हियातले सरदार म्हणजे बहुतांशी नांगर हाकणारे खानदानी. गावंच्या गावं अशी की सगळे ढालतलवारीचे मानकरी आणि कुळ एकही नाही. पोलंडमधल्या सरदारांना राजाकडून जे हक्क मिळालेले होते ते या लोकांना ड्यूकच्या अमलात पूर्णपणे नव्हते. संस्थान गेल्याने दरबारी पदं असणाऱ्या मोजक्या घरांचं नुकसान होतं. दीड नांगराच्या धन्याला उलट मुकुटाच्या सभेत बसायची दारं उघडत होती.

विष

इतिवृत्तकारांनी दिलेली हकीकत अशी. काताझिना राजेयोव्स्का नावाच्या सरदारकन्येला भावांनी आधी जवळ केलं, मग टाकलं. तिने सूडाने आधी आईला, मग स्तानिस्वाफला, मग यानुशला विष दिलं. तिला आणि तिच्या एका साथीदारणीला पकडून छळ झाला, दोघींनी कबुली दिली, आणि वॉर्साजवळ दोघींना जाळून मारलं. शिक्षा इतक्या घाईने उरकली की लोक म्हणू लागले, खरं नाव बाहेर पडू नये म्हणून तोंडं बंद केली. ते खरं नाव म्हणजे बोना.

हा पुरावा तपासताना काही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. छळाखालच्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही. ती कबुली छळणाऱ्याला काय ऐकायचं होतं एवढंच सांगते. बोनाला फायदा होता हे खरं, पण तिला हवं होतं ते, म्हणजे मुलाची खासगी जहागीर, मिळालंच नाही. शिवाय आई १५२२ मध्ये, एक मुलगा १५२४ मध्ये, दुसरा १५२६ मध्ये, हे चार वर्षांवर पसरलेलं विष फार सोशिक म्हणावं लागेल. राजाने चौकशी नेमली. फेब्रुवारी १५२८ मध्ये त्याने जाहीर केलं की ड्यूक माणसाच्या करणीने नव्हे, परमेश्वराच्या इच्छेने वारला. ज्याला मुलूख मिळाला त्यानेच दिलेला हा निकाल, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पण राजाला तो जाहीर करावा लागला, यावरूनच दोन वर्षांनंतरही आरोप किती जोरात चालू होता हे कळतं.

वॉर्साच्या सेंट जॉन चर्चमध्ये भावांचं थडगं होतं. १९५० च्या दशकात तिथल्या उत्खननात सापडलेल्या अवशेषांची तपासणी झाली. विषाच्या कथेला त्यातून बळ मिळालं नाही. अभ्यासकांचा कल घराण्यात चालत आलेल्या आजाराकडे, बहुधा क्षयाकडे, आहे. एकाच घरातली तरुण माणसं एकामागून एक झिजत जातात हे १४६२ मध्येही दिसलं होतं, हे इथे आठवावं.

थडग्यावरची शिळा बहीण आन्नाने करवून घेतली. शिल्पकार बेर्नार्दिनो दे जानोतिस, इटालियन. लाल दगडात दोघे भाऊ चिलखतात शेजारी शेजारी, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. पोलंडमध्ये तेव्हा असं जोडथडगं करायची पद्धत नव्हती. बिनवाटणीचा कारभार दगडातही दिसतो म्हणायला हरकत नाही. १९४४ मध्ये चर्च उद्ध्वस्त झालं तेव्हा शिळाही फुटली. आज दिसते ती नंतर पुन्हा घडवलेली.

बहिणींचा दावा

थोरली बहीण झोफिया हंगेरीचा पॅलॅटिन (राजाखालोखालचा सर्वोच्च अधिकारी) इश्तवान बाथोरी याला दिली होती. ती परदेशी, शिवाय मोहाचनंतर हंगेरीतच यादवी, त्यामुळे तिच्या बाजूने कोणी भांडायला उभं राहिलं नाही. खरा प्रश्न आन्नाचा. राजाने तिला वॉर्साच्या वाड्यात राहू दिलं, निर्वाहाला जमिनी दिल्या, आणि मुदत घातली: लग्न होईपर्यंत. लग्न झालं की हुंडा घ्यायचा आणि जमिनी सोडायच्या.

म्हणजे लग्न केलं तर जमीन जाते, नाही केलं तर वंश जातो. आन्ना दहा वर्षं थांबली. १५३६ मध्ये तिने स्तानिस्वाफ ओद्रोवोंश या मोठ्या सरदाराशी लग्न केलं आणि जमिनी सोडायला साफ नकार दिला. नवऱ्याच्या ताकदीवर तिने दावा पुन्हा उभा केला. राजाने हे प्रकरण अजिबात हलक्यात घेतलं नाही. ओद्रोवोंशवर दडपण आणलं, सभेत विषय गाजला, आणि १५३७ मध्ये जोडप्याने माघार घेतली. आन्ना १५५७ पर्यंत जगली. तिची एकुलती मुलगी झोफिया हिने दुसरं लग्न यान कोस्तका याच्याशी केलं. १५७५ मध्ये राजा निवडायची वेळ आली तेव्हा देशी उमेदवार म्हणून पुढे झालेल्या दोन नावांत एक या कोस्तकाचं होतं. अशा देशी उमेदवाराला पोलंडमध्ये तेव्हा ‘प्यास्त’ म्हणत.

विलीनीकरण कसं पार पडलं

शपथ १५२६ ची, पण मुकुटात रीतसर विलीनीकरण १५२९ चं. त्या वर्षी माझोव्हियाचा प्रांत उभा राहिला, त्यात दहा जमिनी: चेर्स्क, वॉर्सा, विशोग्रुद, झाक्रोचिम, चेखानुव, वोम्झा, रुझान, लिव्ह, नूर आणि विझना. रावा आणि प्वोत्स्क आधी वेगळे गेले होते, ते वेगळेच प्रांत राहिले. एकदा वाटून गेलेला मुलूख परत आल्यावरही जोडला गेला नाही. त्या काळच्या पोलंडच्या नकाशावर जुना माझोव्हिया शोधताना या तीन प्रांतांची बेरीज करावी लागते.

कायद्यांचं वचन मात्र पाळलं गेलं. १५३२ आणि १५४० मध्ये माझोव्हियाचे जुने कायदे संकलित झाले. राजाचा वेगळा प्रतिनिधी वॉर्सात कारभार पाहत होता. १५७६ मध्ये माझोव्हियाच्या सरदारांनी स्वतःच मुकुटाचा कायदा स्वीकारला आणि आपल्या रीतीतली काही कलमं अपवाद म्हणून राखून घेतली. म्हणजे शपथेपासून कायदा एक व्हायला पन्नास वर्षं लागली, आणि शेवटचं पाऊल राजाने नव्हे, माझोव्हियाने उचललं. मधल्या काळात बोना विधवा होऊन १५४८ मध्ये वॉर्सात राहायला आली आणि १५५६ मध्ये इटलीला परतली. १५६९ नंतर पोलंड-लिथुआनियाची संयुक्त सभा वॉर्सात भरू लागली, कारण ते दोन्ही देशांच्या मधोमध. ड्यूकच्या ताब्यातलं वॉर्सा या कामी आलं नसतं.

दस्तऐवज वाचताना लागणाऱ्या ठेचा

या शाखेवर काही वाचायचं असेल तर ड्यूकांचे क्रमांक जपून घ्यावेत. शेमोवित, यानुश, बोलेस्वाफ, काझिमिएश ही चार नावं दोनशे वर्षं फिरत राहतात, आणि पोलंडचे राजे तीच नावं वेगळ्या क्रमांकांनी लावतात. १३५१ च्या करारात दोन काझिमिएश आहेत, एक राजा आणि एक वॉर्साचा ड्यूक. काही पुस्तकं विलीनीकरणाचं वर्ष १५२६ देतात, काही १५२९. पहिलं शपथेचं, दुसरं सभेच्या निर्णयाचं, दोन्ही बरोबर. स्तानिस्वाफचं जन्मवर्ष १५०० की १५०१ यावरही मतभेद आहेत.

आणि यानुश तिसऱ्याला ‘शेवटचा प्यास्त’ म्हणणारे बरेच भेटतात. तो माझोव्हियाचा शेवटचा पुरुष होता. सायलेशियातल्या प्यास्त शाखा ११३८ नंतर लगेच वेगळ्या झालेल्या, इतक्या दूरच्या की १५२६ मध्ये त्यांच्यापैकी कोणी माझोव्हियावर हक्क सांगितला तरी ऐकून कोणी घेतलं नसतं. पण त्या जिवंत होत्या. लेग्नीत्सा-ब्झेगचा पंधरा वर्षांचा ड्यूक गेऑर्ग विल्हेल्म नोव्हेंबर १६७५ मध्ये देवीच्या आजाराने वारला तेव्हा घराण्यातला शेवटचा सत्ताधारी पुरुष गेला, आणि त्याचा मुलूख हॅब्सबर्ग सम्राटाने खालसा केला.